फोनचा पहिला मालक

अझेमूर, १२ मे २००१

बुशैब भावा,

सलाम. यम्माचे आणि माझे गुडघे सोडले तर घरात सगळं ठीक आहे. तुझी तब्येत विचारत नाही. हात मोडला होता तेव्हासुद्धा तू 'उत्तम' असंच लिहिलं होतंस.

आधी कामाचं. मला मोबाइल फोन हवाय. हसू नकोस! इथे आता नवऱ्या नटवणाऱ्या बायकांनाही फोन लागतो. त्या लल्ला तामूने घेतलाय आणि पट्ट्याला अडकवून मिरवते. नोटरीच्या मुलीचं लग्न माझ्या हातातलं होतं. कफ्तान ठरले, दागिने ठरले, नवरीला खांद्यावर नाचवायची डोलीसुद्धा ठरली. मग त्यांना तारीख बदलायची होती. माणूस आपल्या घरी आला, तर मी हमामला गेलेली. तामूने पहिल्याच घंटीला फोन उचलला. संपलं. ऐन लग्नसराईत माझे सात कफ्तान खुंटीला लटकलेत.

इथेही फोन मिळतात, पण अर्धे नकली. तिथला, बेल्जियमचा घे. तिथली वस्तू खात्रीची असते.

आता यम्माचं. चार वर्षं अर्ज करत होती, या वर्षी हजच्या यादीत तिचं नाव निघालं. जानेवारीच्या शेवटी निघायचं आहे. गल्लीभर साखर वाटली आणि संध्याकाळी मला म्हणाली, "बुशैबचं तोंड बघितल्याशिवाय आणि त्याचं लग्न लागल्याशिवाय मी जाणार नाही. जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकीन." आपल्या आईचा हट्ट तुला माहीत आहे. वीस डिसेंबरपर्यंत पासपोर्ट कचेरीत द्यायचा. तो तिने उशीखाली ठेवलाय आणि कुणाला हात लावू देत नाही.

पाच उन्हाळे झाले, तू आला नाहीस. या खेपेला तुझ्यासाठी औषधाच्या दुकानवाल्याची मधली मुलगी बघून ठेवली आहे. मुलगी चांगली आहे, जरा जोरात हसते एवढंच. येतोस ना?

हे सगळं फोन-बूथवर बोलता येत नाही रे. यम्मा कानाशी उभी असते आणि तिच्यामागे अर्धी गल्ली.

तुझी मोठी बहीण,
रकिया

*

लिएज, ३ जून २००१

लल्ला रकिया,

सलाम. तब्येत उत्तम आहे. (खरंच.)

फोन पाठवतोय. अय्याद दर महिन्याला व्हॅनमधून लोकांचं सामान घेऊन तिकडे येतो-जातो, त्याच्याबरोबर. कॉफीच्या डब्यात, मोज्यात गुंडाळलाय. मोजा धुतलेला आहे. मोठ्या दुकानातून अगदी नवा घेतला. खोकं मुद्दामच टाकून दिलं, नाहीतर बंदरावर कस्टमवाले नवी वस्तू म्हणून त्रास देतात. तिथलं सिमकार्ड घाल, रात्रभर चार्ज कर, मग बघ तामूचं तोंड.

या उन्हाळ्यात जमणार नाही. गोदामात माणसं कमी आहेत, सुट्टी मागितली तर मुकादम डोळे वटारतो. यम्माला समजाव. हजला जाण्याचा आणि माझ्या लग्नाचा काय संबंध? मुली बघणं थांबव म्हणावं. औषधवाल्याच्या मुलीला माझ्यापायी ताटकळत ठेवू नका, ती हसतेय तेवढी हसू दे.

तुझा,
बुशैब

*

अझेमूर, २२ जून २००१

बुशैब,

फोन आला. मोजाही आला. दुसरा कुठे आहे?

तुझा फोन सुरू होतो, वाजतो, उजळतो, सगळं करतो. फक्त आपलं सिमकार्ड घातलं की कुठलासा कोड मागतो आणि अडून बसतो. मी तुझी जन्मतारीख घालून पाहिली. यम्माने आपल्या दाराचा नंबर सांगितला. मग मीच घाबरून बंद केला. कोपऱ्यावरच्या बूथवाल्याला दाखवला, तर त्याने चष्मा कपाळावर चढवून निकाल दिला, "लल्ला, याला तिकडच्या कंपनीने कुलूप घातलंय. तिकडचंच कार्ड याला चालतं, आपलं नाही."

यम्मा शेजारीच उभी होती. तिने फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "हाही तिकडचाच झाला म्हणायचा."

मी फोन परत मोज्यात गुंडाळला. 

बूथवाला सांगतो की कासाब्लांकाला दर्ब घल्लफच्या बाजारात असली कुलुपं उघडून मिळतात. गुरुवारी टॅक्सीने जाते. पण मला एक सांग, एवढ्या मोठ्या दुकानाने तुला हे आधी सांगू नये? आणि नव्या फोनच्या आकड्यांवरचा रंग उडालेला कसा? पाचचा आकडा तर दिसतच नाही.

यम्मा तुझं पत्र ऐकून दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मासे आणायला सांगितले, म्हणजे आता बरी आहे. पासपोर्ट अजून उशीखालीच आहे.

रकिया

*

लिएज, ४ जुलै २००१

लल्ला,

घाईत लिहितोय. कुलपाचं मला ठाऊक नव्हतं, चुकलं माझं. पण दर्ब घल्लफला जाऊ नकोस. त्यांना फोनमधलं काय वाटेल ते दिसतं. गेलीसच तर उघडण्याआधी सगळं पुसून टाकायला सांग, तुझ्यासमोर. कोऱ्या पाटीसारखा करून घे. खरं तर अय्यादबरोबर परतच पाठव, मी दुसरा देतो.

बुशैब

*

अझेमूर, २० जुलै २००१

बुशैब,

तुझं पत्र आलं तेव्हा माझी बाजारवारी होऊन तीन आठवडे झाले होते.

दर्ब घल्लफ म्हणजे पत्र्यांचं शहर आहे. माझ्या फोनचं कुलूप उघडणारा मास्तर पन्नाशीचा, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या टेबलावर नुसत्या फोनच्या पाठी पडलेल्या. फोन कुठून आणला एवढंच विचारलं, वायर लावली आणि मला पुदिन्याचा चहा मागवला. चहा येईपर्यंत कुलूप उघडलं होतं. मी म्हटलं, "एवढंच?" तर म्हणाला, "बाई, कुलूप घालणारा आळशी असतो, म्हणून तर आमचं पोट चालतं."

मग त्याने पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "यातली नावं ठेवू की पुसू?"

मी म्हटलं, "कसली नावं? फोन नवा आहे." तो हसला. म्हणे काही नावं सिमकार्डात न राहता फोनच्या पोटात राहतात, आणि हा फोन कुणीतरी चांगला दोन वर्षं वापरलाय.

दहा नावं आहेत बुशैब. पाचवीपर्यंतची माझी फ्रेंच उपयोगी पडली, टॅक्सीत बसून एकेक अक्षर लावत आले. एक 'घर'. एक 'नादेज'. एक 'नादेजची आई', ती बहुतेक त्रास देणारी असावी, कारण नावापुढे उद्गारचिन्ह आहे. एक 'कानाचे डॉक्टर'. एक मुकादम. आणि एक 'शाळा मुबारका'.

मुबारका! अरे, आपल्या यम्माचं नाव! आता इथेसुद्धा कुणी मुलीचं नाव मुबारका ठेवत नाही. मागच्या वीस वर्षांत मी नटवलेल्या नवऱ्यांत एकही मुबारका नव्हती. आणि तिकडे बेल्जियममध्ये शाळेत जाणारी मुबारका?

दुकानदाराने तुला वापरलेला फोन नवा म्हणून गळ्यात मारला, दुसरं काय. पण हा आधीचा मालक कोण रे? मला तर झोप येईनाशी झालीय. शाळेतल्या मुलीच्या कानाला काय झालंय? नादेज कोण?

नावं मी पुसू दिली नाहीत. फोन छान चालतो. दर गुरुवारी संध्याकाळी मी तुला एक मिस्ड कॉल देईन, म्हणजे आम्ही ठीक आहोत. उचलू नकोस, फुकट पैसे जातील.

रकिया

*

लिएज, १२ ऑगस्ट २००१

लल्ला रकिया,

पकडलंस. दुकानातला नव्हता. इथे नदीकाठी रविवारचा बाजार भरतो, तिथे घेतला. तुला नवा म्हणून सांगितलं, कारण तुला वाईट वाटू नये.

विकणारा आपल्याच देशाचा होता. चेहरा नीट आठवत नाही. लोक आपल्या वस्तू विकतात, नावं पुसायला विसरतात. त्यात झोप उडवण्यासारखं काय आहे? पुसून टाक. परक्याच्या नावांवर नजर ठेवणं बरं नव्हे, हे तूच मला लहानपणी शिकवलंस, शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढलो होतो तेव्हा.

दर गुरुवारी मिस्ड कॉल येतो. एकच घंटी वाजते. मी तेवढा वेळ फोन हातात धरून बसतो.

बुशैब

*

अझेमूर, २ सप्टेंबर २००१

बुशैब,

भिंतीवर मीच तुला चढवलं होतं. विसरलास.

फोनमुळे सहा लग्नं मिळाली. लल्ला तामू आता मला रस्त्यात आधी सलाम करते, एवढं पुरे. सगळं गाव मला मिस्ड कॉल देतं. एक घंटी म्हणजे कफ्तान परत न्यायला या, दोन म्हणजे नवरी रडतेय, लवकर या.

यम्माचं मात्र बरं नाही. म्हणजे अंगाने ठणठणीत आहे. मक्केला जाणाऱ्या बाकीच्या बायका पांढरे कपडे शिवून घेतायत, आणि ही म्हणते, माझं कापड परत करा. परवा मी विचारलं, "यम्मा, चार वर्षं वाट बघितलीस ना?" तर म्हणाली, "त्याची पाच बघितली." खरं सांगू, मला तुझा राग आला. ती सत्तरीला आली आहे. पुन्हा यादीत नाव निघेल तोवर तिचे पाय चालतील का, कोण जाणे.

असो. नावं मी पुसणार नाही. माझ्याच्याने होत नाही. कुणाच्या तरी घराचा नंबर तो, पुसायचा म्हणजे घरच पाडल्यासारखं वाटतं. तू दर रविवारी त्या बाजारात जातोस ना? तो माणूस पुन्हा दिसला तर विचार. त्याचं गाव कुठलं? मुलगी केवढी? तिचं नाव कुणावरून ठेवलं? आणि एवढं जुन्या वळणाचं नाव ठेवणारा माणूस आपल्या घरी जातो की नाही, तेही विचार.

मला नुसती उत्सुकता आहे. दुसरं काही नाही.

रकिया

*

लिएज, ३० सप्टेंबर २००१

लल्ला रकिया,

तो माणूस भेटला.

बाजाराच्या टोकाला पुलाखाली कॉफी मिळते, तिथे बसलो. तुझे प्रश्न विचारले. आधी उडवाउडवी केली, मग बोलला. आपल्याच बाजूचा आहे, नदीकडचा. लिहितो तसं त्याने सांगितलं नाही, मी जुळवून लिहितोय.

नादेज त्याची बायको होती. नगरपालिकेत जाऊन सही करून लग्न केलं, दोन साक्षीदार होते, दोघेही गोदामातले. घरी कळवलं नाही. आधी म्हणाला, मुलगी झाली की कळवू. आईचं नाव ठेवलं तिला, म्हणजे नाव ऐकून तरी आईचा राग उतरेल. मुलगी झाली, आणि मग सांगायला आणखी उशीर झाला होता. मग नादेज निघून गेली. भांडण म्हणशील तर फार नव्हतं, दोघं थकले होते. आता मुलगी एक आठवडा आईकडे, एक आठवडा याच्याकडे असते. सहा वर्षांची आहे. डाव्या कानाने कमी ऐकते. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागतं. सारखी प्रश्न विचारते, तुझ्यासारखी.

घरी का जात नाही म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "माझी आई दर उन्हाळ्याला माझ्यासाठी मुलगी बघून ठेवते. तिथे जाऊन मी काय सांगू? की तुझ्यावाचून माझं लग्न झालं, तुझ्यावाचून मोडलं, आणि नात सहा वर्षांची झाली तरी तुला माहीत नाही? तिने दार लावून घेतलं तर? निदान आज ती दारात उभी राहून वाट तरी बघतेय."

मला वाटतं, तो भित्रा आहे. पण वाईट नाही.

हे पत्र तू एकटीच वाच.

बुशैब

*

अझेमूर, २८ ऑक्टोबर २००१

बुशैब,

पत्र मी एकटीने वाचलं नाही. ते माझ्याआधी यम्माने ऐकलं.

तू पाकिटावर माझं नाव लिहिलंस आणि अय्यादच्या हातात दिलंस, जसं काही तू या गावात वाढलाच नाहीस. आपल्या घरात पत्र कधी कुणा एकाचं असतं का? मी लग्नासाठी अल-जदीदाला गेलेले. अय्याद आला, यम्माने त्याला बसवलं, चहा ओतला आणि म्हणाली, "वाच." अय्याद म्हणाला, "आजी, रकियाला येऊ द्या." यम्मा म्हणाली, "माझ्या मुलाचा आवाज मला पाच वर्षांत बूथवर तीन-तीन मिनिटं ऐकायला मिळालाय. वाच म्हणते ना!"

त्याने वाचलं. अय्यादच मला सांगत होता, 'नादेज' आलं तिथे त्याला ठसका लागला आणि 'मुबारका' आलं तिथे यम्माने साखरेचा खडा हातातून खाली ठेवला.  पत्र संपल्यावर म्हणाली, "बिचारी ती बाई." अय्यादने विचारलं, "कोण, नादेज?" तर म्हणाली, "त्या माणसाची आई."

तेव्हापासून मी तिच्याकडे बघतेय आणि मला काही कळत नाही. तिला खरोखर वाटतंय की ही कुण्या परक्याची गोष्ट आहे? मंगळवारी भाजी निवडताना मधेच म्हणाली, "त्या पोरीच्या कानात ऑलिव्हचं कोमट तेल घालतात का, विचार." बुधवारी औषधवाल्याच्या घरी जाऊन सांगून आली की आमचा नाद सोडा. कारण विचारलं तर म्हणाली, "ती फार जोरात हसते."

पासपोर्ट उशीखाली आहे. ती कचेरीत जायचं नाव काढत नाही, आणि जागा परत करते असंही आता म्हणत नाही.

माझंही एक सांगते. मी तुला दहा नावं म्हटलं होतं. अकरा होती. अकरावं नाव 'अय्याद व्हॅन'. त्या माणसाचं सामानही अय्यादच आणत असेल, नाही का? असेल. मी दर्ब घल्लफहून परतताना टॅक्सीतच रडले होते, रागाने म्हण, आनंदाने म्हण. मी आत्या झाले आणि मला ते फोनच्या पोटातून कळलं!

त्या माणसाला एवढं सांग. त्याने त्याची आई ओळखलेली नाही.

रकिया

*

अझेमूर, २६ नोव्हेंबर २००१

(यम्मा सांगतेय आणि मी लिहितेय. एक शब्दही बदलायचा नाही, अशी तंबी आहे. रोजा सुटलाय, सूप पिऊन झालंय, आणि ती माझ्या हाताकडे बघत बसली आहे. र.)

माझ्या मुला बुशैब,

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण हे पत्र तुला नाही. तुझ्या त्या ओळखीच्या माणसाला आहे, ज्याचा फोन आमच्या घरात आहे. त्याला वाचून दाखव.

मुला, मी तुला ओळखत नाही असं समज. मी हजला निघालेली बाई आहे. जाण्याआधी माणसाने ज्याचं-ज्याचं काही लागत असेल त्याची माफी मागायची असते, हे तुला तुझ्या आईने शिकवलं असेल. मी सगळ्या गल्लीची माफी मागून आले. तामूचीसुद्धा मागितली. रकियाने तोंड वाकडं केलं, पण मागितली.

आता तुझी राहिली. तुझा फोन माझ्या घरात वाजतो आणि तुझ्या घरातल्या गोष्टी मी तुला न विचारता ऐकल्या. हे ओझं माझ्यावर आहे.

आणखी एक आहे. मुबारका नावाच्या एका मुलीची माफी मागायची आहे. ती सहा वर्षांची झाली. सहा ईद मी जेवले, नवे कपडे घातले, लोकांच्या पोरांना पैसे दिले, आणि तिला एकदाही नाही. माझ्यावर तिचं हे मोठंच ओझं आहे.

माफी पत्राने मिळत नाही. फोनने मिळत नाही. बेल्जियमच्या फोनने तर नाहीच. समोर उभं राहून 'माफ केलं' असं म्हणावं लागतं, दोघांनीही. तिच्या उजवीकडे बसावं लागतं, ते मला माहीत आहे.

तू भितोस, असं माझा मुलगा लिहितो. मलाही भीती वाटते. सत्तर वर्षांची झाले, कधी विमानात बसले नाही.

आणि मी दार लावून घेईन असं तुला वाटलंच कसं?

पासपोर्ट आज सकाळी कचेरीत देऊन आले. तेव्हा आता तू आला नाहीस, तर मी ओझं घेऊन जाईन, आणि ते पाप तुझ्या माथी. बाकी मी काही सांगत नाही.

मुबारका बिन्त सालेम
(अंगठा तिचा आहे, शाई माझी. र.)

*

लिएज, ९ डिसेंबर २००१

यम्मा,

हे पत्र तुला आहे. रकियाला नाही, कुण्या माणसालाही नाही. अय्यादने वाचलं तरी चालेल.

फोन माझा होता. नवा घ्यायला मी खरोखरच दुकानात गेलो होतो. काउंटरपर्यंत पोचलो. मग वाटलं, नवा बिघडला तर लल्ला माझ्या नावाने खडे फोडेल. माझा दोन वर्षांचा खात्रीचा आहे, तोच देऊ, मी इथे दुसरा वापरीन. कार्ड काढलं आणि मला वाटलं, मी त्यातून पुरता निघालो.

तुझं पत्र मी गोदामाच्या बाहेर पायरीवर बसून वाचलं. मुकादमाला वाटलं घरात कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, कुणीतरी आहे.

सुट्टी मिळाली. नादेजने पोरीच्या कागदावर सही केली, एका शब्दानेही अडवलं नाही. ती तुला सलाम सांगते. पाच जानेवारीला शनिवारी दुपारी विमान उतरतं, संध्याकाळपर्यंत अझेमूरला पोचू. तुझ्या निघण्याआधी तीन आठवडे हातात आहेत. तू म्हणशील ते सगळं मी ऐकून घेईन, आणि 'माफ केलं' हे शब्द मी तुला म्हणण्याआधी तुझ्याकडून मागून घेईन.

एकच मागणं आहे. दार रकियाला उघडू देऊ नकोस, तू उघड. मी जिन्यात खालीच थांबेन. पोरगी एकटी वर येईल. तिला मी सांगून ठेवलंय, दोनदा दार वाजव आणि थांब, आजीचे गुडघे दुखतात, तिला यायला वेळ लागेल.

तुझा,
बुशैब